गोळीकिडा आणि त्याचे शेजारी: मराठवाड्याच्या हवेत टेरॅरियम कसं सांभाळायचं

मृगाचा पाऊस पडून आठेक दिवस झाले की अंगणातली एखादी कुंडी उचलून बघा. खालच्या ओलीत राखाडी रंगाचे, पाठीवर आडव्या पट्ट्यांचं चिलखत चढवल्यासारखे किडे सैरावैरा पळतात. बोट लावलं की त्यातले काही चटकन हरभऱ्याच्या दाण्याएवढी गोळी होऊन पडतात. आमच्या गल्लीतली पोरं त्याला गोळीकिडा म्हणतात, पाळणारी मंडळी पिल बग. परभणीत गेली सहा वर्षं मी हे पाळतोय आणि घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: ह्यांच्या टेरॅरियममध्ये, म्हणजे माती-पाला भरून जीव पाळायच्या डब्यात, ह्यांच्यासोबत अजून काय ठेवता येतं?

बरंच काही ठेवता येतं. पण कोण कोणाला खातं एवढंच बघून सोबती निवडायला गेलात तर फसाल. बघायचं ते हे, की कात टाकताना कोण कुठे असतो आणि त्या वेळी बाकीच्यांची पोटं भरलेली असतात का.

आधी किडा ओळखा

नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे. खेकडा, झिंगा यांच्या कुळातला, पण जमिनीवर राहायला आलेला प्राणी. पाय चौदा, म्हणजे सात जोड्या. उलटा करून भिंगातून पाहिलं तर पोटाच्या मागच्या बाजूला पांढुरके ठिपके दिसतात. श्वास तो तिथून घेतो, आणि ती जागा ओलसर राहिली नाही तर गुदमरतो. पाण्यात बुडाला तरी मरतो. त्याला हवी ओल, डबकं नको. आपल्याकडचा शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ना, नेमकं तेच.

मादी अंडी कुठे घालत नाही, पोटाखालच्या पिशवीत बाळगते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पांढरट, रव्याच्या कणाएवढी आणि सहाच जोड्या पायांची असतात. सातवी जोडी पहिल्या काती टाकल्यावर येते. याच कुळात गोळी न होणारे, चपट्या अंगाचे आणि शेपटाकडे दोन टोकं असलेले भाऊबंद आहेत. ते चपळ, जास्त खादाड. सोबतीच्या डब्यात ते नकोत. गोळी होतो तो ठेवा.

एक सावधगिरी. गोळी होणाऱ्या काही वाणीही (पुष्कळ पायांचे मिलिपीड) असतात. पाय मोजा. चौदापेक्षा पुष्कळ जास्त दिसले तर ती वाणी.

रात्री दहानंतर मोबाईलच्या टॉर्चला पतंगाचा लाल कागद लावून डब्यात पाहत बसा. कधीतरी अर्धा राखाडी, अर्धा दुधाळ पांढरा किडा दिसेल. तो आजारी नसतो. गोळीकिडा कात दोन टप्प्यांत टाकतो: आधी मागचा अर्धा भाग, एक-दोन दिवसांनी पुढचा. नव्या कातडीचा भाग भाकरीच्या कणकेसारखा मऊ असतो. त्या दिवसांत तो सालीखाली गप्प पडून राहतो आणि टाकलेली कात स्वतःच खाऊन टाकतो, त्यातला चुना वाया जाऊ नये म्हणून. त्याचा शेजारी याच अवस्थेत असला आणि डब्यात खायला नसलं, तर हा गरीब प्राणी त्या शेजाऱ्यालाही कुरतडतो.

हे मी भोगून शिकलो. तिसऱ्या वर्षी एका डब्यात चाळीसेक गोळीकिडे आणि बोटभर लांबीची एक वाणी होती. लगीनसराईत बारा दिवस गावी गेलो. जाताना पाणी भरपूर मारलं, पाला मात्र तळाशी चिमूटभर उरला होता, तो ‘पुरेल’ म्हणून सोडला. परत आलो तर वाणी मातीखाली कात टाकायला बसलेली सापडली, आणि मागच्या चार-पाच कड्यांना भोकं. दोन दिवसांत मेली. दोष किड्यांचा नव्हता. बारा दिवस उपाशी ठेवलं ते मी.

डबा

काचेची पेटी दिसायला छान, पण सुरुवातीला झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा घ्या. पंधरा ते वीस लिटरचा असला की सोबतीला जागा राहते; नुसत्या गोळीकिड्यांना पाच लिटरही चालतो. गरम सुईने दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडा, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा फिरते. भोकांवर आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर चिलटं शिरतात. गुळगुळीत प्लास्टिकवर हे किडे चढत नाहीत. मात्र कोपऱ्यात सिलिकॉनचा पट्टा किंवा ओली माती असली की त्यावरून वर येतात.

माती: इथेच बहुतेकांचं चुकतं

आपली काळी माती एकटी वापरू नका. ओली झाली की चिकट चिखल होतो, वाळली की भेगा पडतात, आणि दोन्हीत बारीक पिल्लं अडकतात. पण ती फेकूनही देऊ नका. मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी असते आणि गोळीकिड्याला चुना लागतोच. माझं मिश्रण असं: दोन भाग चाळलेलं कुजकं पालापाचोळ्याचं खत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग काळी माती आणि मूठभर कुजक्या लाकडाचा भुसा. जाडी चार इंच तरी. वाणी ठेवायची असेल तर सहा.

ओल बघायची रीत आपल्या घरातलीच. मूठभर मिश्रण घेऊन लाडू वळा. लाडू वळला, बोटांतून पाणी गळलं नाही आणि टिचकी मारल्यावर फुटला, की झालं. पाणी ठिबकलं तर कोरडं कोकोपीट मिसळा.

नर्सरीतलं तयार मिश्रण आणायचं असेल तर आधी विचारा, त्यात निंबोळी पेंड आहे का? आमच्या ओळखीतल्या एकाने अशीच पिशवी ओतली आणि महिन्याभरात डबा ओस पडला. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक कात टाकण्याच्या क्रियेतच अडथळा आणतो. पिकावरच्या किडीसाठी तो म्हणूनच वापरतात. आपल्याकडे दारोदार कडुनिंब आहे, वाळका पाला फुकट पडलेला असतो, त्यामुळे मोह होतो. निंबाचं पान, काडी, साल, काहीच आत टाकू नका. निलगिरी, कण्हेर, रुई यांनाही बाहेरच ठेवा.

पाला कोणता? आंबा, वड, पिंपळ, उंबर, देशी बदाम. झाडावरून तोडलेला हिरवा नको, खाली गळून तपकिरी झालेला घ्या. रस्त्याकडेचा नको आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचाही नको. सोयाबीन-कापसाच्या हंगामात तर अजिबातच नको. देवळाच्या किंवा शाळेच्या आवारातल्या वडाखालचा पाला उत्तम.

आणलेला पाला निर्जंतुक करायला शहरी लोक ओव्हन लावतात. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे. पाला ओलसर करून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधा आणि तीन-चार दिवस पत्र्यावर ठेवा. आत एवढी वाफ धरते की कोळी, गोमेची पिल्लं, मुंग्या सगळं संपतं. पावसाळ्यात पाला दहा मिनिटं उकळून वाळवा.

चुन्यासाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरला पूड करून भुरभुरा. पक्ष्यांच्या दुकानात किंवा आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा ठेवला तरी चालतं. पानाला लावायचा चुना मात्र कधीच नको. तो दाहक असतो, किडे भाजून मरतील. शाळेचा खडूही सोडा, बरेच खडू जिप्समचे असतात.

पाणी

डब्याच्या एका तृतीयांश भागात स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा नारळाचा काथ्या दाबून बसवा आणि पाणी फक्त तिथेच घाला. दुसरं टोक कोरडं राहू द्या. किडा आपली जागा आपण शोधतो. सगळा डबा फवारून ओला करणं ही नवख्यांची हमखास चूक.

नळाचं पाणी क्लोरिनचं असतं, एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून वापरा. बोअरचं पाणी जड असलं तर त्याचे पांढरे डाग काचेवर आणि मॉसवर चढतात. माठातलं पिण्याचं पाणी बरं. लागतं किती? माझ्या वीस लिटरच्या डब्याला हिवाळ्यात आठवड्याला अर्धी वाटी, उन्हाळ्यात दीड. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरालाही परवडेल असा हा छंद आहे.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर. गोळीकिड्याला २० ते २८ अंश मानवतं. पस्तिशी ओलांडली की धोका सुरू होतो. हवा कोरडी असते तोवर आपला माठाचा न्याय कामी येतो. डबा जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीशी, शक्यतो माठाच्या तिवईखाली ठेवा. भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, भोकांपुढची जागा तेवढी मोकळी सोडा, आणि सकाळ-दुपार त्यावर पाणी शिंपडा. डब्यात एक थर्मामीटर टाकून ठेवा, अंदाजावर राहू नका. बर्फाचा तुकडा आत टाकणं, डबा फ्रिजमध्ये ठेवणं हे उद्योग करू नका, एकदम गारठल्याने उलट मरतात. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा गोणपाटाचा उपयोग नाही, काढून टाका.

थंडीत आमच्याकडे पारा १० च्या खाली उतरतो. किडे सुस्तावतात, खाणं कमी होतं. घाबरू नका, खाऊ कमी करा.

घरातली औषधं

मच्छर पळवणाऱ्या कॉइल, लिक्विड मशीन, मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे यांतल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटाची विषं असतात आणि ती खेकड्या-झिंग्यांच्या कुळाला फार जहाल. झोपायच्या खोलीत मशीन लागत असेल तर डबा दुसऱ्या खोलीत. मुंग्यांसाठी आजीचाच उपाय: साखरेचा डबा ठेवतात तसा परातीत पाणी घालून मधोमध विटेवर डबा ठेवायचा. मुंग्या हा खरा शत्रू आहे. एका रात्रीत पिल्लं साफ करतात.

सोबती आणायचा क्रम

पहिल्या दिवशी माती, पाला, मॉस भरा आणि फक्त स्प्रिंगटेल सोडा. ह्या मिलिमीटरभर पांढऱ्या, टुणकन उडणाऱ्या जिवांशिवाय डबा चालवूच नये. बुरशी खाणं हेच त्यांचं काम आणि गोळीकिड्याशी त्यांचा कसला वाद नाही. विकत घ्यायची गरज नाही. जुन्या कुंडीतला कुजका पाला पाण्यात बुडवा, त्या वर तरंगतात. लोहाराकडून किंवा इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणून धुवा, बरणीत भरा, तळाला बोटभर पाणी आणि वर चार-पाच तांदळाचे दाणे टाका. दोन-तीन आठवड्यांत बरणी भरून जाते. मग कोळसा हलवून पाणी डब्यात ओतायचं.

दोन आठवड्यांनी पंधरा-वीस गोळीकिडे सोडा. बाहेरून पकडलेले असतील तर आधी महिनाभर वेगळ्या बरणीत ठेवून बघा. एखादा निळा-जांभळा चमकायला लागला तर तो विषाणूचा आजार, इरिडोव्हायरस. रंग कितीही सुंदर दिसला तरी तो आणि त्याच्या बरणीतले सगळे मुख्य डब्यापासून लांब ठेवा. विकत आणलेली जात असेल तर पुढे जास्त झाली म्हणून बाहेर सोडू नका.

बाकीचे सोबती त्यानंतर आणखी महिन्याने, आणि एका वेळी एकच.

वाणी: पावसाळ्यात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडते म्हणून आपला शेतकरी हिला शिव्या घालतो, पण डब्यात ती कुजका पाला खाऊन सुखाने राहते. अटी तीन. माती सहा इंच, कारण कात टाकायला ती खाली जाते. गोळीकिडे कमी, वीस लिटरला तिसाच्या आत. आणि हवा खेळती, कारण वाणी घाबरली की अंगातून तीव्र वासाचा द्रव सोडते आणि बंद डब्यात तो साचतो. हाताला लागला तर पिवळट डाग पडतो; डोळे चोळू नका, हात धुवा. वाणीची अंडी-पिल्लं हवी असतील तर मात्र ती वेगळीच ठेवा, गोळीकिड्यांच्या गर्दीत ती वाचतील याचा भरवसा नाही.

गांडूळ: लोक हौसेने टाकतात. मला पटत नाही. गांडूळखताचं आयसेनिया फेटिडा गांडूळ जास्त ओल मागतं, माती घुसळून तिचा चिखल करतं, आणि लहान डब्यात मेलं तर दोन दिवसांत घाण सुटते. तीस लिटरच्या पुढे जागा असेल तर दोन-तीन टाका, नाहीतर नको.

गोगलगाय: बारीक, नखाएवढ्या देशी गोगलगायी चालतात, चुना जास्त द्यावा लागतो, कारण शंखालाही तोच लागतो. त्यांची अंडी कुरतडली जातील, हे धरून चला. मोठी शंखी गोगलगाय मात्र कदापि नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने सोयाबीनचे कोंब कसे फस्त केले ते आठवा. शिवाय उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताची ती वाहक असू शकते, पोरांच्या हातात देण्याची ती वस्तूच नाही.

दुसऱ्या जातीचे गोळीकिडे: भांडण होत नाही, पण जी जात लवकर वाढते ती वर्षभरात दुसरीला खाण्या-जागेवरून हटवते. वेगळा डबा करा.

आता नकोत ते. गोम, घोण, कोळी हे शिकारी, प्रश्नच नाही. रातकिडे आणि झुरळं कातीवर आलेल्या मऊ किड्याला खातात. प्रार्थना कीटक ठेवाल तर उलटं होतं: तो फांदीवरून लटकून कात टाकतो, खाली पडला तर उपाशी गोळीकिडे त्याला सोडत नाहीत. मृगाचा मखमली लाल किडा बघून जीव लई हरखतो, लहानपणी आम्ही काड्यापेटीत घालून शाळेत न्यायचो. पण तो मोठेपणी बारीक जीव आणि अंडी खातो, लहानपणी दुसऱ्या किड्यांच्या अंगावर जगतो, आणि डब्यात टिकत नाही. पावसात जमिनीवर चालताना बघावा आणि सोडून द्यावा. बेडूक, सरडे, कासव रानातून आणून ठेवू नका. स्टार कासव पाळणं हा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

खाऊ

मुख्य जेवण पाला आणि कुजकं लाकूड. पाल्याचा थर दोन इंचांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा एकच नियम भिंतीवर लिहून ठेवा. आठवड्यातून दोनदा गाजर, काकडी, दोडक्याचं साल, लाल भोपळा, नीट धुऊन. दुसऱ्या दिवशी उरलेलं उचला. आठवड्यातून एकदा प्रथिनं: माशांच्या खाद्याची चिमूट, किंवा आठवडी बाजारातला जवळा चार-पाच तास पाण्यात भिजवून मीठ काढलेला, दोन-तीन काड्या. डब्यात वाणी किंवा गोगलगाय असेल तर हा दिवस चुकवू नका. लिंबू-मोसंबीची सालं, तेला-मिठाचं काही नको. ज्वारीच्या भाकरीचा वाळका तुकडा आवडीने खातात, पण त्यावर बुरशी लवकर चढते. स्प्रिंगटेल भरपूर असतील तरच द्या.

गावाला जाताना जवळा दुप्पट टाकून जायचं नाही, तो सडतो. पाला दुप्पट टाका, एक कुजकं लाकूड आडवं ठेवा, मॉस भिजवा.

डबा काय सांगतो

झाकण उघडल्यावर पहिल्या पावसाचा मातीचा वास आला तर सगळं ठीक. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ओल जास्त झाली आहे. भोकं वाढवा, वरचा थर उलटापालटा करा. किडे दिवसाढवळ्या झाकणाकडे चढत असतील तर खाली हवा कोंडली आहे. सगळे मॉसखाली गुच्छ करून बसले असतील तर बाकी डबा फार वाळलाय. सोबतच्या प्राण्याच्या अंगावर भोकं किंवा कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर आधी त्याला वेगळं काढा, मग पाल्याचा थर मोजा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा तो संपलेला असतो. उरलेल्या दोन वेळा किडे फार झालेले असतात. मग एक गाजराचा लांब काप रात्री ठेवायचा, सकाळी त्याला चिकटलेले पन्नास-साठ उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचे. माझ्याकडचे असे तीन डबे सध्या माठाच्या तिवईखाली आहेत, आणि चौथ्यासाठी आईने जागा द्यायला नकार दिलाय.